होल सॉमधून धूर निघतो, पण भोक पडत नाही

दिवाळीच्या आठवडाभर आधी एका मित्राचा फोन आला. ओट्याखालच्या कपाटाची पाठ 18 मिमी प्लायची होती आणि तिच्यातून सिंकचा पाइप काढायला 65 मिमीचं भोक हवं होतं. त्यासाठी त्यानं होल सॉ आणला होता, म्हणजे ड्रिल मशीनला लावायचा वाटीसारखा दातेरी कटर. “दहा मिनिटं झाली. धूर येतोय, घरभर जळका वास सुटलाय, आणि भोक अजून नखभरसुद्धा खोल गेलेलं नाही. दुकानदारानं बोथट कटर गळ्यात मारला बघ.”

कटर नवा कोरा होता. मी एवढंच विचारलं, “मधे मधे बाहेर किती वेळा काढलास?”

“बाहेर कशाला काढू? आत घालायचाय ना!”

किचनची आणि घरदुरुस्तीची कामं करताना हा संवाद मी इतक्यांदा केलाय, की आता एकदा बैजवार लिहूनच ठेवतो. तक्रारी वेगवेगळ्या असतात. कुणाचा कटर जळतो, कुणाचा मधेच अडकून मनगट पिरगाळतो, कुणाची आतली चकती निघत नाही, कुणाचा सनमायका फुटतो. मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: कापलेल्या मालाला बाहेर पडायला वाट नसते, आणि वाट नाही म्हणून माणूस जोर आणि वेग वाढवत राहतो.

वाटीत कोंडलेला भुसा

साधा ड्रिल बिट हातात घेऊन बघा. टोक कापतं आणि अंगावरचा पीळ भुसा उचलून बाहेर टाकतो. सुतारांच्या जुन्या गिरमिटालाही तोच पीळ. होल सॉ मात्र काठावर दात असलेली वाटी आहे. ती कापते, पण कापलेलं उचलून न्यायला तिच्याकडे काही नाही. जेमतेम दोन मिमी रुंदीची गोल चर पडते, त्या चरीत वाटीची भिंत घुसलेली असते आणि उरलेल्या फटीत भुसा ठासत जातो. दातांमधल्या खाचा थोड्या फेऱ्यांतच भरतात. त्यानंतर दात लाकडाला लागतच नाहीत, भुशावर फिरतात. मग तुम्ही अंगाचा भार टाका नाहीतर मशीन पूर्ण वेगाने पळवा, वाढते ती उष्णताच. तिने प्लायमधला डिंक आणि राळ भाजून दातांवर काळं कीट धरतं. कीट धरलेला दात आणखी घासतो, आणखी तापतो. मित्राच्या घरातला धूर तो हाच.

हे दुखणं फार जुनं आहे. कवटीला गोल छेद घ्यायचं शल्यवैद्यांचं ट्रेपन नावाचं हत्यार होल सॉचंच भावंड. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास लिहून ठेवलंय, की हे हत्यार वरचेवर बाहेर काढा आणि थंड पाण्यात बुडवा, कारण फिरून फिरून ते तापतं आणि हाड भाजतं. त्यांना जे हाडाबाबत कळलं ते आपल्याला प्लायबाबत कळत नाही.

इलाज पहिला: दर तीन-चार मिमीला मशीन चालू ठेवूनच कटर बाहेर ओढा. फिरता कटर बराच भुसा झटकून टाकतो. मग मशीन थांबवून चर ब्रशने साफ करा आणि दातांमधलं उरलेलं काढून पुन्हा आत घाला. जुना टूथब्रश पुरतो. दातांवर कीट बसलंच असेल तर वाटी थोडा वेळ केरोसिनमध्ये ठेवा आणि तारेच्या ब्रशने घासा. कित्येक ‘बोथट’ कटर एवढ्यानेच पुन्हा कापायला लागतात.

इलाज दुसरा माझा आवडता. भुशाला खालून वाट काढून द्यायची. आधी होल सॉने नुसती दोन मिमी खोल गोल चर पाडून घ्या आणि कटर काढा. आता 8 किंवा 10 मिमीच्या साध्या बिटने त्या चरीवर आरपार भोक पाडा. ते अशा जागी, की त्याचा बहुतेक भाग आतल्या टाकाऊ चकतीत यावा आणि बाहेरची कड चरीच्या बाहेरच्या रेषेला टेकावी, तिच्या पलीकडे जाऊ नये. 65 च्या चरीवर समोरासमोर अशी दोन भोकं केली तरी चालतात. मग पुन्हा होल सॉ लावा. प्रत्येक फेरीत दात त्या भोकावरून जातात आणि भुसा तिथून खाली सांडतो. मित्राला फोनवर हेच करायला सांगितलं. पाचव्या मिनिटाला त्याचा फोटो आला: कड स्वच्छ, धूर नाही, जमिनीवर पांढऱ्या भुशाचा ढीग. भुशाचा रंग बघायची सवय लावा. पांढरा-पिवळा भुसा म्हणजे कापणं चाललंय, तपकिरी पूड म्हणजे भाजणं.

वेगाचं गणित

घरोघरी असते ती इम्पॅक्ट ड्रिल मशीन. तिच्यावर लिहिलेलं असतं मिनिटाला 0 ते 2,800 फेरे, किंवा तसंच काही. 6 मिमीच्या बिटाला हा वेग ठीक. पण 50 मिमीचा होल सॉ त्याच वेगाने फिरवला तर दात मिनिटाला जवळजवळ 440 मीटर धावतो. बाय-मेटल, म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांच्या कटरने साधं लोखंड कापताना दाताने मिनिटाला धावावं ते सुमारे 27 मीटर. म्हणजे सोळापट! तिथे दात टिकेल कसा?

डोक्यात ठेवायला सोपा हिशेब आहे. साध्या लोखंडासाठी 8,750 ला कटरच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. 25 मिमीला 350 फेरे, 50 ला 175, 75 ला 115 च्या आसपास. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्मे. बिडाला दोन तृतीयांश. ॲल्युमिनियमला दीडपट. लाकूड-प्लायला बरीच सूट असते, तरी 65-75 मिमीला 500-600 फेऱ्यांच्या पुढे जाण्यात काही मिळत नाही, आणि 100 च्या पुढच्या वाटीला त्याहूनही कमी.

आता अडचण अशी, की ट्रिगर अर्धा दाबून घरगुती मशीन 175 फेऱ्यांवर ठेवली तर तिच्यात दम राहत नाही. मोटर कण्हते, आतला पंखा हळू फिरल्यामुळे तापते, आणि थोडं जास्त दाबलं की एकदम उसळते. म्हणून मोठ्या भोकांना गिअरवालं मशीन हवं. 18 व्होल्टचं बॅटरी ड्रिल पहिल्या गिअरवर साधारण 400-500 फेऱ्यांपर्यंतच जातं आणि ताकद टिकवतं. त्यावर ट्रिगर हलका ठेवला की काम जमतं. नाहीतर दोन गिअरचं, 13 मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा) मशीन भाड्याने आणा. आणि हो, हॅमरचं बटण बंद. होल सॉला हॅमर लावणं म्हणजे दातांवर हातोडी चालवणं. हे न सांगता कळायला हवं, पण मी स्वतः एकदा भिंतीचं काम संपवून तसंच प्लायला मशीन लावलंय. 32 च्या वाटीचे चार दात गेले.

कटर खरंच वाईट असला तर?

असतोही. बाजारात प्लास्टिकच्या पेटीत 19 पासून 127 मिमीपर्यंत वाट्यांचा जो स्वस्त संच मिळतो, तो साध्या कार्बन स्टीलचा असतो. प्लाय, जिप्सम, पीव्हीसी इतक्यासाठी तो चालतो. कार्बन स्टीलचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, दोन-अडीचशे अंशांच्या पुढे उतरायला लागतं आणि तीनशेच्या आसपास पोलादावर निळी झाक येते. दाताची टोकं निळी दिसली की तो दात मऊ पडला. त्याला कानशीने धार काढून उपयोग नाही, चार फेऱ्यांत ती पुन्हा जाते.

बाय-मेटल कटरमध्ये वाटी लवचिक पोलादाची आणि दातांची पट्टी हायस्पीड स्टीलची असते, ती वेल्डिंगने जोडलेली. हायस्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपासपर्यंत कडक राहतं, म्हणून लोखंडाला हाच घ्यायचा. संच घेण्यापेक्षा लागतील ते चार-पाच आकार सुटे घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा आपापल्या गावच्या हार्डवेअर पेठेत सुटे मिळतात. माझ्याकडे 20, 25, 35, 54 आणि 65 एवढेच नेहमीचे आहेत. बाकीचे धूळ खातात.

भोक वाकडं, नाहीतर मापापेक्षा मोठं

इथे दोष बहुधा आर्बरचा, म्हणजे वाटी जिच्यावर बसते त्या दांड्याचा. 32 मिमीच्या आणि त्यापुढच्या वाट्या ज्या आर्बरवर बसतात त्याला दोन पिना असतात आणि वाटीच्या बुडाला त्यांची भोकं. लोक वाटी आट्यावर गच्च आवळतात, पिना भोकांसमोर येत नाहीत, मग तशाच सोडून देतात. कापताना सगळा जोर आट्यावर येतो, वाटी डगमगते आणि वर आटा असा आवळला जातो की नंतर पान्ह्यानेही सुटत नाही. बरोबर रीत अशी: वाटी शेवटपर्यंत फिरवा, मग पिना भोकांसमोर येईपर्यंत किंचित मागे घ्या, पिना आत ढकला, कॉलर आवळा. वाटी जराशी सैल वाटली तरी चालेल, जोर पिनांनी घ्यायचाय. 30 च्या आतल्या वाट्यांच्या आर्बरला पिना नसतात. तिथे वाटी आणि आर्बरच्या खांद्यामध्ये एक पातळ वॉशर घाला, काढताना दुवा द्याल.

आवळलीच गेली तर वाटी व्हाइसमध्ये धरून दाबू नका, ती लंबगोल होते. आर्बरचा षटकोनी दांडा व्हाइसमध्ये धरा, वाटीच्या बाजूच्या खाचेतून जाड स्क्रूड्रायव्हर आरपार घाला आणि उलटं फिरवा.

वाटीच्या मधोमध असतो तो, तिला जागेवर धरणारा पायलट बिट बोथट असेल किंवा वाकलेला असेल तर बाकी सगळं फुकट. तो साधा पाव इंची बिट असतो, बदलायला स्वस्त. धातूवर सेंटर पंच (टोकदार हत्यार) ठोकून बारीक खड्डा पाडल्याशिवाय त्याला टेकवू नका. आणि चक: मोठ्या आर्बरचा दांडा बहुधा 11 मिमीचा असतो, तो 10 मिमीच्या चकमध्ये जात नाही. दुकानातून घरी येऊन हे कळलेल्यांत मीही आहे.

सगळं नीट असूनही भोक नावापेक्षा अर्धा-एक मिमी मोठं पडतंच, कारण दात वाटीच्या बाहेर जरा फाकलेले असतात. माप काटेकोर हवं असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून कॅलिपरने मोजा.

चकती अडकली

लाकडाची चकती वाटीत फुगून बसते. बाजूच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने थोडं इकडून, थोडं तिकडून उचकटायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याने नाही निघाली तर चकतीत समोरासमोर दोन लांब लाकडी स्क्रू घाला आणि आळीपाळीने आवळत जा. स्क्रूचं टोक वाटीच्या बुडाला टेकलं की तोच चकतीला बाहेर ढकलतो. हातोडीने ठोकाठोक करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. लोखंडाची चकती गरम असते, ती लगेच बोटांनी काढायला जाऊ नका.

आधी सांगितलेली भुशाची भोकं पाडली असतील तर चकती सहसा अडकतच नाही.

सनमायका फुटणं आणि मागची बाजू उसवणं

मागून प्लायचे पापुद्रे निघतात, कारण शेवटच्या थराला आधार नसतो. पायलट बिटचं टोक मागे डोकावलं की थांबा, फळी उलटा, आणि त्याच भोकात पायलट घालून दुसऱ्या बाजूने कापा. दोन्ही कडा स्वच्छ येतात, आणि चकती दोन्हीकडून पकडता येते हा वरचा फायदा. फळी उलटता येत नसेल, म्हणजे कपाट जागेवर बसलेलं असेल, तर मागे टाकाऊ प्लायचा तुकडा गच्च दाबून धरा किंवा क्लॅम्प करा.

सनमायकाला आणखी एक युक्ती. मास्किंग टेप लावा, आणि पहिल्या काही फेऱ्या मशीन उलट्या दिशेने फिरवा. दात उलटे घासतात, सनमायका ओरबाडून निघत नाही, नुसती गोल रेघ कोरली जाते. रेघ सनमायकाच्या आरपार गेली की सुलट फिरवून कापा.

आधीच भोक आहे, ते मोठं करायचंय

सगळ्यात जास्त फोन याचेच. दाराला जुन्या कुलपाचं 50 चं भोक आहे आणि नव्या गोल मुठीच्या कुलपाला 54 चं हवंय. पायलट बिटला धरायला लाकूडच नाही, म्हणून वाटी दारावर नाचते आणि पॉलिशवर चंद्रकोरी उमटवते. कानशीने वाढवायला बसलात तर संध्याकाळ जाते आणि भोक अंड्यासारखं होतं.

फळीचा साचा हा सगळ्यात भरवशाचा उपाय. 12 मिमी प्लायच्या तुकड्यात 54 चं भोक पाडा. आधी त्यावर मध्यातून जाणाऱ्या दोन काटकोनी रेषा काढून ठेवा, तशाच रेषा दारावर जुन्या भोकाच्या मध्यातून पेन्सिलीने काढा. साचा दारावर ठेवून रेषांना रेषा जुळवा आणि दोन क्लॅम्पने आवळा. आता आर्बरमधला पायलट बिट काढून टाका. साच्याची गोल कड वाटीला सांभाळते आणि सरळ आत नेते.

दुसरी रीत मला गंमत म्हणून आवडते. वाटीतून निघणारी चकती वाटीच्या नावापेक्षा चारेक मिमीने लहान असते. म्हणजे टाकाऊ फळीतून 54 च्या वाटीने चकती काढली की ती साधारण 50 ची निघते आणि मधे पायलटचं भोक तयारच! तीच चकती दाराच्या जुन्या भोकात बसवा. सैल वाटली तर कडेला मास्किंग टेपचे दोन-चार वेढे द्या. मागून एक फळी क्लॅम्प केली की पायलट तिला ढकलून देत नाही. मग 54 ची वाटी नेहमीसारखी चालवा. फरक मोठा असेल, म्हणजे 38 चं भोक 54 करायचं असेल, तर एकाच आर्बरवर आत 38 ची आणि बाहेर 54 ची अशा दोन वाट्या चढवता येतात. आतली वाटी जुन्या भोकात घुसून वाट दाखवते.

दाराची जाडी मोजून घ्या. नेहमीच्या वाटीची खोली 38 मिमीच्या आसपास असते, त्यामुळे जाड सागवानी दार दोन्ही बाजूंनीच कापावं लागतं. तरीही मधे राहिलं तर चकती पटाशीने फोडून काढा आणि पुढे कापा.

स्टीलचा सिंक आणि पातळ पत्रा

नव्या नळासाठी सिंकला 35 मिमीचं भोक. कटर फिरतोय, किंचाळतोय, सिंकवर चकचकीत गोल रिंगण पडलंय आणि आत काही जात नाहीये. ही अवस्था आली की थांबा, कारण पुढे ती आणखी बिघडते. सिंकचं स्टेनलेस, बहुधा 304 प्रतीचं, घासलं की पृष्ठभागावर आणखी कडक होतं. जोरात फिरवून हलकं दाबणं म्हणजे पत्र्याला पाणी चढवणं. इथे उलटं करायचं: वेग अगदी कमी, 35 मिमीला सव्वाशे फेऱ्यांच्या आसपास, दाब ठाम आणि सलग, कटिंग ऑइल सढळ. दात सतत कापत राहिला पाहिजे, घसरता कामा नये. रिंगण आधीच चकचकीत झालं असेल तर नव्या धारेच्या कटरशिवाय ते तुटत नाही.

पातळ पत्र्याला कार्बाइडचे दात असलेला, वरच्या कडेमुळे आत जास्त न घुसणारा छोटा कटर मिळतो. सिंकला मी आता तोच वापरतो. कार्बाइड कडक पण ठिसूळ, तेव्हा मशीन तिरकी करायची नाही, आणि शेवटच्या क्षणी धक्का द्यायचा नाही. सिंकखाली लाकडाचा ठोकळा टेकवून ठेवला तर पत्रा दबत नाही आणि आरपार होताना मशीन खाली कोसळत नाही.

काम झाल्यावर सगळा कीस पुसून काढा. साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसवर राहिले तर तिथे गंजाचे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, सिंक डुप्लिकेट दिला. लोखंडावर वापरलेली कानसही सिंकच्या कडेला लावू नका.

विजेच्या पॅनेल बॉक्सच्या पातळ पत्र्यात केबल ग्लँडचं (केबल आत घेऊन पकडणाऱ्या बुचाचं) भोक पाडताना वाटी एकदम पकडते आणि मशीन हाताला झटका देते. पत्रा दोन दातांमधल्या अंतरापेक्षा पातळ असला की दात कापत नाही, अडकतो. पत्रा दोन प्लायच्या तुकड्यांमध्ये दाबून कापा, किंवा 30 मिमीपर्यंत सरळ स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा बिट वापरा. एकसारखी पंधरा-वीस भोकं असतील तर पंच आणि डायची जोडी बोल्टने आवळून पत्रा कापणारं हत्यार घ्या. ना आवाज, ना कीस.

त्या झटक्याबद्दल दोन शब्द. मशीनला बाजूचा दांडा असतो तो काढून माळ्यावर टाकू नका, लावा. काम क्लॅम्प करा, गुडघ्याखाली धरू नका. कापडी हातमोजे घालू नका, फिरत्या दातात धागा गेला की बोट मागे येत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

गच्चीवरची टाकी

काळ्या प्लास्टिकच्या टाकीचा पॉलिथीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून वेगात पाडलेल्या भोकाची कड कापली न जाता वितळून गाठाळते. मग रबराचा वायसर नीट बसत नाही आणि ठिबक सुरू. हळू फिरवा, टाकीच्या सपाट भागावर पाडा, कड ब्लेडने साफ करा.

मापात इथे हमखास फसगत होते. ‘एक इंची’ निपलला 25 चं भोक पाडून लोक डोक्याला हात लावतात. इंच हा पाइपच्या आतल्या वाटेचा जुना हिशेब. एक इंची आट्याचा बाहेरचा व्यास 33.2 मिमी असतो, पाऊण इंचीचा 26.4, अर्ध्या इंचीचा 21. निपल हातात घेऊन कॅलिपरने मोजा, मग कटर निवडा. आणि आत पडलेला चुरा काढूनच पाणी भरा, नाहीतर तो महिनाभर सगळ्या नळांच्या जाळ्यांत सापडत राहतो.

टाइल आणि ग्रॅनाइट

इथे दातांचा कटर चालत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही इतकी घट्ट भाजलेली असते, तिच्यावर बाय-मेटलचे दात मिनिटभरात गुळगुळीत होतात. डायमंडची वाटी घ्या. तिला बहुधा पायलट नसतो, म्हणून सुरुवातीला ती टाइलवर घसरत सुटते. प्लायचा साचा दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा, किंवा मशीन 45 अंशांत तिरकी धरून आधी चंद्रकोर कोरा आणि हळूहळू उभी करा.

भुशाचा प्रश्न इथेही तोच, फक्त भुशाऐवजी पीठ असतं. ते वाहून न्यायला आणि वाटी थंड ठेवायला पाणी. बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कुणाला तरी धार सोडत बसवा. पांढरं पाणी वाहतंय तोवर ठीक, चिखल घट्ट झाला की वाटी उचला आणि धुवा. शेवटचे दोन मिमी उरले की दाब काढून घ्या, ओट्याच्या ग्रॅनाइटचे टवके खालून उडतात ते इथेच. पाणी आणि वीज एकत्र येणार आहेत, तेव्हा 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेल्याच लाइनवर मशीन लावा किंवा बॅटरीचं वापरा. नेहमीचा एमसीबी जास्त प्रवाहापासून तारेला वाचवतो, माणसाला नाही.

कडक केलेल्या, म्हणजे टफन्ड काचेला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. तिचा क्षणात चुरा होतो. भोकं आधी पाडूनच ती भट्टीत जाते.

एसीच्या पाइपसाठी विटेच्या भिंतीला कार्बाइडचा कोअर कटर चालतो, भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं ठेवा म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. मधे काँक्रीट लागलं आणि कटर सळईवर टणटणला तर थांबा. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, जागा बदलायची.

राहता राहिला तो मित्र. त्याच्या 65 च्या वाटीतून निघालेली चकती मी टाकू दिली नाही. उरलेल्या प्लायमधून आणखी तीन काढायला लावल्या, मात्र या वेळी भुशाची भोकं न पाडता, दर तीन मिमीला बाहेर काढत. 61 मिमीचं चाक निघतं, मधलं भोक पायलटमुळे अगदी मध्यावर, त्यात 6 मिमीची सळई आस म्हणून सैलसर बसते. त्याच्या पोराची गाडी दिवाळीभर जिन्यात खडखडत होती. पहिल्या चकतीची कड काळी जळलेली आहे. ती त्यानं मुद्दाम पुढच्या डाव्या चाकाला लावलीय.